मिएनताईची अपॉइंटमेंट

तोयामा, ९ जानेवारी

मिएनताई,

फोनवर तू मला बंद करून टाकलं आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. नागोयाचा पत्ता होस्टेलच्या ऑफिसातल्या बाईंनी दिला. मी त्यांना सांगितलं, तुझा कोट राहिलाय, तो पाठवायचाय. खोटं नाही, तुझा तपकिरी कोट अजून दारामागेच टांगलेला आहे. पण तो पाठवावा की नाही हे मला ठरवता येत नाही. का, ते पुढे लिहीन.

मामेबहिणीकडे जागा पुरते का? तिची मुलं तुला अभ्यास करू देतात का? विभागात कळलं की या सत्राच्या परीक्षेला तू नावच दिलेलं नाहीस. सर मला विचारत होते. मी म्हणाले, घरगुती अडचण आहे.

इथे कमरेएवढा बर्फ पडलाय. आपल्या ३०४ नंबरच्या खोलीत मी एकटीच आहे, तू गेल्यापासून कुणाला ठेवलं नाही तुझ्या जागी. सामाईक स्वयंपाकघरात तुझी माशाच्या सॉसची बाटली तशीच आहे, कुणी हात लावत नाही. मी ठीक आहे. हवा कोरडी आहे, एवढंच.

एक विचारायचं होतं, सहज. तुला बोटांच्या बेचक्यांत व्हायला लागलं तेव्हा गरम पाण्याने जास्त व्हायचं का? आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक रेघ दिसायची का, पेन्सिलीने ओढल्यासारखी? एका मैत्रिणीसाठी विचारतेय.

थोआ

तोयामा, १४ जानेवारी

मिएनताई,

मैत्रीण वगैरे कुणी नाही. तू ते पहिल्या वाचनातच ओळखलं असणार.

तू गेलीस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मला सुरुवात झाली तिसऱ्या आठवड्यात. आधी कमरेला, इलॅस्टिकच्या रेषेवर. मग बोटं, मग काखा. मी म्हटलं, हवा. मग म्हटलं, साबण. साबण बदलला. आईने पाठवलेलं हिरवं तेल चोळून चोळून एक अख्खी बाटली संपवली, आता वर्गात माझ्या शेजारी कुणी बसलं की नाक पुसायला लागतं. तू करायचीस तसं मीठपाणीही केलं. तासाला मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते. सरांनी परवा विचारलं, थंडी वाजते का? वर्ग हसला, मीही हसले.

डॉक्टरकडे जायचं मनात यायचं आणि लगेच दुसरं काहीतरी काम आठवायचं. दोन महिने असे गेले. इथे येऊन दीड वर्ष झालं, एकदाही दवाखान्याची पायरी चढलेली नाही. सर्दीतापाला बाकदादाकडच्या गोळ्या. इथल्या आपल्या व्हिएतनामी मंडळाचा अध्यक्ष म्हणून तो सगळ्या मुलांचं बघतो ते ठीक, पण गोळ्याही त्याच्याकडच्याच, आपण सगळे तेच करतो.

मग परवा ऑफिसातल्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, ‘एक फेब्रुवारीपासून तुमच्या खोलीत नेपाळची एक मुलगी येते आहे. पहिल्यांदाच घर सोडून येतेय, सांभाळून घ्या हं. आणि मागच्या वेळी खोलीची साफसफाई नीट झाली होती ना?’

मी हो म्हणाले आणि हात खिशात घातले.

आज दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात जाऊन फोन केला. आधी वाक्यं लिहून काढली होती, अकरा वाक्यं, क्रमांक घालून. पण फोनवरची माणसं क्रमाने विचारत नाहीत.

‘कुरोकावा त्वचारोग दवाखाना.’

‘मी विद्यार्थिनी आहे. परदेशातली. पहिल्यांदाच येणार आहे. अपॉइंटमेंट हवी होती.’

‘हो, हो. काय होतंय?’

‘खाज येते.’

‘कधीपासून?’

‘दोन...’ मला महिने म्हणायचं होतं. ‘दोन आठवडे.’

‘कशाने होत असेल, काही अंदाज?’

तो शब्द मी कागदावर सगळ्यात खाली लिहिला होता. जपानीत खरजेला म्हणतात कायसेन. मासे, खेकडे, शिंपल्या या सगळ्यालाही म्हणतात कायसेन. लिहायला वेगळं, बोलायला एकच. ते मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. वरून दोन मुली जिना उतरत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाले, ‘कायसेन असेल.’

‘अगंबाई, कायसेन!’ ती बाई एकदम खुलली. ‘बाहेरून आलेल्यांना होतं हो असं. कच्चं खाल्लंत का? कोळंबी की खेकडा?’

ताई, मला सुटका झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, ‘खेकडा.’

इथला खेकडा मी दुकानाच्या काचेतून बघितलाय तेवढाच.

‘मग येईपर्यंत खेकडा बंद हं. विम्याचं कार्ड आणा, विद्यार्थी कार्ड आणा. शुक्रवारी सव्वाचार चालेल?’

‘चालेल.’

नाव सांगताना तीनदा अक्षरं फोडून सांगावी लागली, पण झालं. फोन ठेवून घड्याळ बघितलं तर तीन मिनिटं झाली होती. तीन मिनिटांचं काम होतं, ताई. मी त्या पायरीवर बसून राहिले, पुढचा तास बुडवला. का बसले ते तुला आज सांगता येणार नाही.

तुला अजून होतं का?

थोआ

तोयामा, १७ जानेवारी

मिएनताई,

जाऊन आले. तेच आहे, खरूज.

दवाखाना स्टेशनच्या पलीकडे औषधाच्या दुकानावर आहे, तुला ठाऊक आहे. मी सव्वातीनलाच पोचले आणि समोरच्या बसथांब्यावर उभी राहिले. आपलं कुणी रस्त्यात नाही ना, ते बघत होते.

आत गेल्यावर पहिल्या भेटीचा फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता, सोबत राहणाऱ्या कुणाला असाच त्रास आहे किंवा होता का? मी ‘नाही’वर गोल केला. तेवढ्यात काउंटरवरून मोठ्याने आवाज आला, ‘खेकड्याच्या अ‍ॅलर्जीच्या तुम्हीच ना?’ सगळ्यांनी वळून बघितलं. शेजारचे एक आजोबा मला समजावू लागले, ‘खेकड्याचा दोष नसतो पोरी, शिळा असेल. घ्यायचा तर बंदरावर जाऊन घ्यावा.’ मी मान डोलावली. मला वाटतं मी त्यांचे आभारही मानले.

डॉक्टर बाई आहेत, साठीच्या. कागद बघून म्हणाल्या, ‘कोणता खेकडा?’

‘खेकडा नाही,’ मी म्हणाले आणि त्यांच्या टेबलावरच्या कागदावर तो शब्द लिहून दाखवला. दोन अवघड अक्षरं, सकाळी घोकून गेले होते.

त्यांनी कागद उचलून जवळ धरला. ‘हे तुम्हाला लिहिता येतं? आमच्या नर्सला येत नाही.’

नर्स म्हणाली, ‘बाई, सगळ्यांसमोर काय!’ आणि दोघी हसल्या. मला रडू आलं. त्यांनी हसू थांबवलं, हातमोजे चढवले आणि माझा हात उताणा करून भिंगाखाली घेतला. बोटांच्या बेचक्यात बराच वेळ बघत होत्या. मग पातं घेऊन थोडीशी कातडी खरवडली, काचेवर घेतली आणि पडद्यावर मला दाखवली. एक बारीक कीड होती. गोल, पिवळसर, पुढे आखूड पाय. शेजारी तीन अंडी.

‘ही राहते आहे तुमच्याकडे,’ म्हणाल्या. ‘आठवडाभराने दुसऱ्यांदा गोळ्या घेतल्यात की जाईल. यात लाजण्यासारखं काही नाही. पण इतके दिवस का थांबलात? हे दोन आठवड्यांचं नाही.’

‘दोन महिने.’

‘खोलीत आणखी कोण असतं?’

‘आता कुणी नाही.’

‘आता म्हणजे?’

ताई, मग मी तुझं नाव सांगितलं. सांगताना माझा स्वर कसा होता ते मला अजून ऐकू येतंय. तक्रार केल्यासारखा. म्हणाले, ‘एक मैत्रीण होती. तिला आधी झालं, ऑक्टोबरात. मला नंतर. म्हणजे तिच्याकडूनच आलं असणार.’

‘तिला पूर्वी कधी खरूज झाली होती का?’

‘हो, लहानपणी. गावात पूर आला होता, सगळे शाळेत राहत होते, तेव्हा.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘नीट ऐका. ज्याला पहिल्यांदाच होते त्याच्या अंगाला काही कळत नाही. महिना, दीड महिना जातो, मग खाज सुटते. तोवर ती असतेच अंगावर आणि दुसऱ्याला देतही असतो आपण. ज्याला एकदा होऊन गेलीय त्याचं अंग मात्र तिला ओळखतं. दोन-चार दिवसांत खाजायला लागतं. कळलं?’

मला जपानी कळलं होतं. तरी मी म्हणाले, कळलं नाही. त्यांनी कागद ओढला, दोन माणसं काढली, एकाच्या डोक्यावर लिहिलं ‘सहा आठवडे’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘तीन दिवस’. सहा आठवडेवाल्याकडून तीन दिवसवाल्याकडे बाण काढला.

‘तुमच्याकडून तिला गेली असावी. उलट नाही. तुम्ही कुठे काम करता?’

‘वृद्धाश्रमात.’

‘हं,’ म्हणाल्या.

‘मैत्रिणीवर उपचार झाले का?’

‘माहीत नाही.’

‘माहीत करून घ्या.’

सोबत त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी जोडली आहे. नागोयातल्या कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरला दाखव, तुला काही बोलावं लागणार नाही. कोट मी कढत पाण्यातून धुऊन घेतलाय, आता तो पाठवायला भीती नाही.

तुझ्याकडून आलं नव्हतं, ताई. माझ्याकडून तुला गेलं. हे मला आज कळलं. शपथेवर सांगते, त्याआधी माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

थोआ

तोयामा, १९ जानेवारी

मिएनताई,

शेवटचं वाक्य खोटं आहे. पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. पेटीतून परत काढता येत असतं तर काढलं असतं.

मला सप्टेंबरअखेरपासून माहीत होतं.

आश्रमात इशिगुरो नावाच्या आजी आहेत. त्यांना पुरळ उठलं. आमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, त्यांच्या खोलीत जाताना लांब झगा आणि हातमोजे घालायचे, कायसेन आहे. मी आपली समजले की आजींना मासे बाधले. मनात हसलेसुद्धा. मग झगे कशाला म्हणून शब्द शोधून बघितला. तेव्हा कळलं.

त्यांच्या खोलीत कुणी थांबायचं नाही. जेवण ठेवायचं, कपडे बदलायचे आणि निघायचं. आजी माझा हात धरायच्या आणि म्हणायच्या, ‘हा नको, हा थंड आहे. तुझा दे.’ मी मोजे काढायचे. आठ-दहा दिवस रोज दुपारी अर्धा तास मी त्यांचा हात हातात घेऊन बसायचे. त्या बऱ्या झाल्या. मी कुणाला काही बोलले नाही. घरी तर मी आश्रमाचंच सांगितलेलं नाही. आई शाळेत सगळ्यांना सांगते, आमची थोआ तिकडे जपान्यांना आपली भाषा शिकवते.

मग ऑक्टोबरात हीटर बिघडला आणि आपण दोन्ही गाद्या जोडून एकाच दुलईत झोपायला लागलो. कल्पना तुझीच होती, मला खोकला होता म्हणून. चौथ्या-पाचव्या दिवशी तू खाजवायला लागलीस. स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर हसत म्हणालीस, ‘अगं, ही तर आमच्या पुराच्या सालची पाहुणी! हिला मी अंधारातसुद्धा ओळखीन.’ तू काही लपवलं नाहीस. तुला वाटलं, सांगितलं की सगळे सावध होतील आणि मदत करतील. सगळ्यांनी एवढंच ऐकलं की मिएनला खेड्यातली घाण आहे.

आणि मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, तिचं तिचंच आहे, जुनं. माझ्या हातांचा त्यात काही संबंध नाही. असं मी ठरवून टाकलं.

आता फोनचं.

तू दवाखान्याचं कार्ड घेऊन आली होतीस. म्हणालीस, ‘थोआ, तुझं जपानी बरं आहे, तू कर ना फोन. मला समोर माणूस असलं तर जमतं, फोनवर काही सुधरत नाही.’ मी कार्ड घेतलं आणि ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात गेले. त्याच जिन्यात. नंबर काढला. मग वाटलं, डॉक्टर विचारणार खोलीत कोण असतं, ती कुठे काम करते. आश्रमात कळणार की मी मोजे काढले होते. काम जाणार, कदाचित व्हिसाचं काही निघणार, हनोईला आईला कळणार. मी फोन केलाच नाही. दहा मिनिटं तिथे उभी राहिले, म्हणजे फोन केला असं वाटावं. मग येऊन तुला सांगितलं, ‘महिनाअखेरपर्यंत नवीन पेशंट घेत नाहीत म्हणे.’

तू म्हणालीस, ‘बरं, मग मीठपाणीच.’ आणि मी तुझ्यासाठी एवढी खटपट केली म्हणून मला भाताची पेज करून दिलीस, वर तळलेला कांदा घालून. मी ती खाल्ली. पुन्हा वाढून घेतली.

त्यानंतर तुझा वाडगा वेगळा झाला, तुझ्या चपला दाराबाहेर गेल्या, धुण्याच्या मशीनवर चिठ्ठी लागली. बाकदादाने बैठक घेतली आणि म्हणाला, ‘मिएनने थोडे दिवस कुठे दुसरीकडे राहिलेलं सगळ्यांच्याच सोयीचं. थोआ, तू तिच्या खोलीतली, तू सांग.’ तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, ‘मला काही म्हणायचं नाही.’

आणि तू निघालीस तेव्हा तुझी बॅग मी जिन्यावरून खाली आणली ती हातमोजे घालून. आश्रमातले मोजे. तू ते बघितलंस. बॅग माझ्या हातातून घेतलीस आणि म्हणालीस, ‘राहू दे, हलकी आहे.’ ती हलकी नव्हती.

हे सगळं आधीच्या पत्रांत लिहायचं होतं. नाही लिहिलं.

थोआ

तोयामा, २७ जानेवारी

मिएनताई,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघावी असं मला म्हणायचा हक्क नाही, पण बघते.

काल रविवारी तेतचे, नव्या वर्षाचे, भात-पुडे बांधायला सगळे जमले होते. पंचवीस जण. केळीची पानं मिळाली नाहीत म्हणून बांबूची आणली होती. शुक्रवारी माझा गोळ्यांचा दुसरा डोस झाला होता, डॉक्टर म्हणाल्या होत्या, आता कुणाला काही होणार नाही. तरी मी दारातच उभी राहिले.

बाकदादा ओरडला, ‘काय गं, राणीसाहेब, हात लावायला नको का? ये की, साठ बांधायचेत!’

मी म्हणाले, ‘आधी मला काही सांगायचंय.’

आणि सांगितलं. आश्रम, आजी, मोजे, फोन. फार वेळ लागला नाही. मी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते, सगळ्यांच्या हातांकडे बघत होते. हात हळूहळू थांबत गेले. कुणीतरी हसलं, म्हणालं, ‘शी, म्हणजे आपण सगळे...’ आणि स्वतःचं मनगट बघायला लागलं.

बाकदादा म्हणाला, ‘हे आत्ता, सणाच्या तोंडावर उकरायची काय गरज होती? मिएन गेली. विषय संपला.’

‘तिचं एक सत्र गेलं, दादा.’

‘मग आम्ही काय करायला हवं होतं? तिनेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं ना?’

‘तिने खरं सांगितलं होतं. खोटं मी बोलले. तुम्ही तिला जा म्हणालात आणि मी गप्प बसले.’

तो चिडला. म्हणाला, मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नकोस. मग पानं पुसायला लागला, एकच पान पुन्हा पुन्हा. थोड्या वेळाने म्हणाला, ‘मी लिहीन तिला.’ लिहिलं का त्याने?

मग पहिल्या वर्षाची न्गान रडायला लागली. तुझ्या शेजारच्या गावातली. तिने तेव्हा फोनवर तिच्या आईला सांगितलं होतं आणि तिच्या आईने तुमच्या बाजारात सांगितलं. मी विचारलं, ‘गावात काय म्हणतात?’ ती सांगेना. फार विचारलं तेव्हा म्हणाली, ‘म्हणतात, मिएन तिकडे तसलं काम करते, म्हणून तसला रोग लागला.’

हे मला माहीत नव्हतं, ताई. या वेळी खरंच.

आश्रमात प्रमुख बाईंनाही सांगितलं. आणखी दोघींना खाज येत होती, त्याही बोलल्या नव्हत्या. आता सगळ्यांची तपासणी होते आहे. मला सध्या येऊ नका म्हणाल्या आहेत, पुढचं माहीत नाही. सरांनाही भेटले, त्यांना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, फेब्रुवारीअखेर अर्ज आला तर एप्रिलपासून तुला पुन्हा घेता येईल. अर्ज सोबत आहे. तुझी सही तेवढी हवी.

थोआ

तोयामा, १० फेब्रुवारी

मिएनताई,

तुझं पत्र गुरुवारी आलं. नऊ ओळींचं. ते मला पाठ झालंय.

तू लिहिलंस, नोव्हेंबरातच बहीण तुला डॉक्टरकडे घेऊन गेली, तू पूर्ण बरी आहेस, आणि त्या डॉक्टरांनी तुलाही तेच सांगितलं, एकदा होऊन गेलेल्याला आधी कळतं. म्हणजे तुला तेव्हाच समजलं होतं. मी पहिलं पत्र लिहिलं त्याच्या कितीतरी आधी.

आणि फोनचंही. मी सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू त्या दवाखान्यापर्यंत चालत गेली होतीस, दारावर पाटी होती, नवीन पेशंट घेतले जातात. तू आत गेली नाहीस. ‘मला वाटलं, तुला माझी लाज वाटते. मग तुझ्या खोलीत कशाला राहू,’ असं लिहिलं आहेस. ही ओळ वाचून मी पत्र पालथं ठेवलं. बाकीचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

शेवटी लिहिलंस, ‘तू बाकदादाला सांगितलंस, सरांना सांगितलंस. माझ्या आईला कोण सांगणार?’ आणि खाली नंबर.

मला तीन दिवस लागले. काल, रविवारी, दुपारी केला. पुन्हा वाक्यं लिहिली होती, आपल्याच भाषेत. काकू मासे साफ करत असाव्यात, सुरीचा आवाज येत होता.

‘कोण? मिएनची मैत्रीण? काय झालं तिला?’

‘काही नाही काकू, ती बरी आहे. मला तुम्हाला काही सांगायचंय.’

सांगितलं. सुरीचा आवाज थांबला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

‘काकू?’

‘आहे. म्हणजे माझ्या पोरीने आणलं नव्हतं.’

‘नाही. माझ्याकडून तिला गेलं.’

‘आणि ती काम काय करायची तिकडे?’

‘जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात जायची, सकाळी. सगळं झाकून, टोपी घालून. त्या कामाचा आणि याचा...’

‘ते मला ठाऊक आहे,’ काकू म्हणाल्या. ‘आई आहे मी तिची. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. दोन महिने मी बाजारात बसत नाहीये, माझे मासे जाऊबाई विकते. थांब जरा.’

मग लांबून हाक ऐकू आली. ‘ए, इकडे या गं! तूही ये. सगळ्या या.’ पावलं वाजली, बसायचे पाट सरकवल्याचा आवाज झाला. फोन मध्ये कुठेतरी ठेवला असावा, कारण एकदम पुष्कळ श्वास ऐकू यायला लागले.

‘हं,’ काकू म्हणाल्या. ‘आता पुन्हा सांग. पहिल्यापासून. तुझं नाव आधी.’

मी सांगितलं. माझं नाव, आईवडिलांचं नाव, आई शाळेत शिकवते ते, हनोईतला आमचा भाग. मग आश्रम, मोजे, दुलई, फोन. एका बाईने विचारलं, ‘म्हणजे तू म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढतेस?’ मी हो म्हणाले. दुसरी म्हणाली, ‘मास्तरणीची मुलगी ना तू?’ मी हो म्हणाले. कुणीतरी ‘बिचारी मिएन’ म्हणालं. काकू तडकल्या, ‘आता बिचारी! तेव्हा कुठे गेली होतीस?’ मग त्यांनी सगळ्यांना घालवून दिलं.

मला वाटलं, आता मला शिव्या देतील. मी तयार होते. मला हव्याच होत्या.

काकूंनी विचारलं, ‘तुझं गेलं का गं सगळं?’

‘हो. डाग आहेत थोडे.’

‘डाग जातील. खाजवू नको. डॉक्टरकडे कोण आलं होतं तुझ्याबरोबर?’

‘कुणी नाही. एकटी गेले.’

‘एकटी?’ काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. ‘परक्या मुलखात, पहिल्यांदा डॉक्टरकडे, आणि एकटी गेलीस? अगं, मिएनला सांगायचंस. ती आली असती.’

थोआ